ओढाताणीच्या दिवसातला स्वयंपाक: तुमचे प्रश्न

पावसाळा लागला की या सदराला येणारी पत्रं बदलतात. एरवी केक का बसला, पुरणपोळी का फुटली असं विचारणाऱ्या मैत्रिणी आता विचारतात की आहे त्यात भागवायचं कसं, आणि शेजारच्या घरात चूल पेटली नाही हे कळल्यावर करायचं काय. या वेळी तीच पत्रं घेतलीत.

प्रश्न: ताई, मिस्टरांच्या फौंड्रीत काम कमी झालंय, आठवड्यातनं तीनच दिवस बोलावतात. आम्ही पाच माणसं. रेशनचा तांदूळ-गहू मिळतो पण भाजी परवडत नाही आणि पोरं रोज भात बघून तोंड वाकडं करतात. गॅस पण पुरवून वापरायचाय. त्यात रेशनच्या तांदळात प्लास्टिकचे दाणे येतात असं सगळ्या म्हणतात म्हणून मी ते निवडून टाकते, बरोबर करते का? (शिरोली)

शेवटचं आधी सांगते, कारण ते रोज वाया चाललंय. ते दाणे प्लास्टिकचे नाहीत. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक अॅसिड आणि बी-१२ मिसळून, तांदळासारखा आकार देऊन बनवलेले दाणे असतात ते, साध्या १०० दाण्यांत असा एक मिसळतात. रंगाला जरा वेगळे दिसतात, वजनाला हलके असल्यामुळं धुताना कधी वर तरंगतात, त्यामुळं बायका घाबरतात. निवडू नका, आणि तांदूळ धुताना हाताची चाळणी धरून पाणी ओता म्हणजे ते वाहून जाणार नाहीत. भात पण पाणी मोजून शिजवा, वरचं पाणी काढून टाकू नका. घरात कुणाला थॅलेसेमिया किंवा सिकलसेल असेल तर मात्र डॉक्टरांना विचारून खा.

आता पोरांचं. रोज भात नको असेल तर त्याच तांदळातला दोन किलो धुवून, सावलीत वाळवून गिरणीतनं दळून आणा. पीठ पाण्यात ताकासारखं पातळ कालवायचं, मीठ-जिरं घालायचं, तवा चांगला तापला की कडेनं आत ओतत यायचं, वर झाकण. झालं घावन. पोरं भाताला नाक मुरडतात पण घावन गरम असेल तर चार-चार खातात, सोबत नुसती कांदा-लसूण चटणी आणि त्यावर थेंबभर तेल.

आणि हुलगे आणा. आपल्याकडं हुलग्याला कुणी फार किंमत देत नाही पण अंगाला लागणारं धान्य आहे ते. हुलगे खमंग भाजून दळून ठेवायचे. चार वाट्या पाण्याला चार मोठे चमचे पीठ, आधी थोड्या गार पाण्यात गुठळी मोडून घ्यायचं, मग लसूण-जिऱ्याच्या फोडणीत पाणी उकळलं की ते त्यात सोडायचं आणि ढवळत राहायचं, पाच-सात मिनिटांत माडगं तयार. लहान्यांसाठी फोडणी न देता गूळ आणि सुंठ घालून करा. पावसात भिजून आलेल्या माणसाला वाटीभर गरम माडगं दिलं की चेहराच बदलतो, हे मी माझ्या आईच्या हाताखाली बघितलंय.

गॅससाठी एवढंच, की डाळ तासभर भिजवल्याशिवाय कुकरला लावू नका, डाळ-भात एकाच कुकरला दोन डब्यांत लावा आणि शिट्ट्या झाल्या की बंद करून वाफ आपोआप जाऊ द्या, वाफ ओढून काढली की आतलं फुकटचं शिजणं गेलं. भाजी बाजार उठायच्या वेळेला आणा. मुळ्याचा पाला, फ्लॉवरचे कोवळे दांडे टाकू नका, डाळ घालून त्याची भाजी चांगली होते.

प्रश्न: आमच्या वाड्यात एक आजी एकट्या राहतात. मुलगा बाहेरगावी, पैसे वेळेवर येत नाहीत असं वाटतं. दोनदा डबा घेऊन गेले तर "आत्ताच जेवले बाई" म्हणून परत पाठवलं. जेवलेल्या नव्हत्या हे मला कळत होतं. जबरदस्ती करावी का? (शुक्रवार पेठ)

नाही, जबरदस्ती नको. पण सोडूही नका.

तुमचं पत्र वाचलं आणि मला २०१९ चा ऑगस्ट आठवला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पाणी आलं होतं, वरच्या अंगाला असलेल्या चार घरांत मिळून स्वयंपाक चालायचा. एका काकूंकडं मी खिचडीचं पातेलं घेऊन गेले तर त्यांनी असंच परत पाठवलं. मला राग आला खरं तर. दुसऱ्या दिवशी माझ्या सासूबाई गेल्या आणि काही न देता बसल्या, बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं की काकू सारख्या आमच्या आदल्या आठवड्याच्या डब्याकडं बघतायत. तो धुवून, पुसून फळीवर पालथा ठेवला होता. आपल्यात डबा रिकामा परत देत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात, आणि त्यांच्या घरात घालायला साखर उरली नव्हती. म्हणून तो डबा आठवडाभर तिथं, आणि म्हणून नवं काही घ्यायची त्यांची हिंमत होईना. एवढी साधी गोष्ट मला दिसली नव्हती.

त्यानंतर आम्ही डबे द्यायचं बंद केलं. घरातनं आणलेलं त्यांच्याच ताटलीत काढायचं आणि आपलं भांडं हातोहात परत आणायचं. आणि त्यांच्याकडं काम मागायचं. "काकू, एवढी मेथी निवडून द्या, मला आज जमत नाही", "आमटीला मीठ किती लागेल, जरा चाखून सांगता का". तांदूळ निवडायला बसल्या की मग दोन घास खाल्ल्याशिवाय कोण उठू देतंय. तुमच्या आजींच्या दारात कढीपत्त्याचं झाड असेल तर रोज दोन काड्या मागा. झाड नसेल तर एखादी रेसिपी मागा आणि खरंच त्यांच्या पद्धतीनं करून चव बघायला घेऊन जा. घेणाऱ्याच्या हातात पण काहीतरी देण्यासारखं राहू द्या.

आपल्या कोल्हापुरात याची जुनी वाट आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात शाहू महाराजांनी स्वस्त धान्याची दुकानं काढली. माणूस चार पैसे मोजून धान्य घेऊन घरी जात होता, ओंजळ पसरावी लागत नव्हती. त्यात किती समज होती याचा विचार केला की मला आजही भरून येतं.

आणि एक, कृपा करून फोटो काढू नका. ग्रुपवर तर मुळीच टाकू नका.

प्रश्न: आमच्या तालमीची पोरं या वर्षी पूर आलाच तर १०० माणसांचं जेवण करायचं म्हणतायत. उत्साह लई आहे पण अंदाज कुणालाच नाही. किती काय लागेल? (उत्तरेश्वर पेठ)

भावांनो, मनापासून कौतुक. पण अंदाज आत्ताच घ्या, पाणी चढल्यावर नाही. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. ३९ च्या दिशेनं चाललं की सामान भरून ठेवायचं, कारण २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं तेव्हा हायवे बंद होता, भाजी येईना, पेट्रोल मिळेना आणि पाणी उपसा केंद्रंच बुडाल्यामुळं सगळीकडं पूर असून नळाला पाणी नव्हतं. म्हणजे तांदळाच्या आधी पिण्याच्या पाण्याचे बॅरल आणि भरलेले दोन सिलेंडर.

१०० जणांच्या मुगाच्या खिचडीला ८ किलो तांदूळ, ४ किलो मूगडाळ, सव्वा लिटर तेल, ३ किलो कांदा, हळद ५० ग्रॅम. पाणी ४० लिटरच्या आसपास, त्यातलं १० लिटर बाजूच्या पातेल्यात उकळतं ठेवा आणि लागेल तसं घाला, गार पाणी मध्ये ओतलं की खिचडी तळाला धरते. मीठ आधी ३०० ग्रॅम, मग चाखून वाढवा. चटणी खिचडीत घालू नका. मला माहीत आहे कोल्हापूरच्या माणसाला फिकं जात नाही, पण शिबिरात तान्ही पोरं असलेल्या बायका, म्हातारी माणसं, पोट बिघडलेली माणसं असतात, चटणीचा डबा वेगळा फिरवा.

सगळ्यात महत्त्वाचं, गरम खिचडी प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधू नका. घाम सुटतो आणि लगेच आंबते. भात शिजल्यापासून दोन तासांत माणसाच्या पोटात गेला पाहिजे, उशीर होणार असेल तर दोन घाणे करा पण सकाळचं संध्याकाळी वाटू नका, परत गरम केलं तरी त्यातला दोष जात नाही. ज्याला जुलाब होतायत किंवा हाताला जखम आहे त्यानं स्वयंपाकात हात घालायचा नाही, त्याला गाडीवर पाठवा.

आणि निघायच्या आधी शिबिरात फोन करा. त्या वर्षी मी गेले होते त्या शाळेत एकाच दुपारी तीन ठिकाणची खिचडी आली आणि रात्री काहीच नाही. कुणी दुपार घ्यायची, कुणी रात्र, हे तालमी-तालमींनी आधी बोलून ठेवा. एका पोराला फक्त हेच काम द्या.

प्रश्न: लाईट दोन-तीन दिवस जाते तेव्हा मिक्सर-फ्रीज नसताना काय करावं? (शाहूपुरी)

खलबत्ता वर काढून ठेवा. हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे तव्यावर परतून खर्डा कुटला की भाकरीसोबत दोन वेळा निघतात. दूध उरत असेल तर सकाळ-संध्याकाळ उकळा, नाहीतर लगेच विरजण लावा. भात रात्री उरणार नाही एवढाच टाका. भाकरी उरली तर चालते, सकाळी कुस्करून कांद्याची फोडणी द्या आणि वरनं ताक, माझ्या घरात तर त्यासाठी मुद्दाम दोन भाकऱ्या जास्त थापतात.