वाचकांचे प्रश्न : दोन गिटार आणि मधली जागा

गेल्या अंकात या सदरात ‘द स्ट्रोक्स’ या न्यूयॉर्कच्या बँडचा ‘इज धिस इट’ हा २००१ सालचा अल्बम आवर्जून ऐकावा, असे सुचवले होते. त्यावर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : तुमची शिफारस वाचून मुलाकडून हा अल्बम लावून घेतला. गाणी जोरकस आहेत, हे मान्य. पण गायकाचा आवाज जुन्या टेलिफोनवरून आल्यासारखा फाटका येतो. आम्ही गडकरी रंगायतनात नाट्यसंगीत आणि भावगीते ऐकत आलेली माणसे. या मंडळींना चांगला स्टुडिओ परवडला नव्हता, की आमचा स्पीकर बिघडला आहे?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

स्पीकर ठीक आहे आणि पैशाचाही प्रश्न नव्हता. या बँडने आधी गिल नॉर्टन या नावाजलेल्या निर्मात्याबरोबर ध्वनिमुद्रण सुरू केले होते. ते फार गुळगुळीत झाले असे वाटल्यामुळे त्यांनी ते बाजूला ठेवले आणि गॉर्डन राफेल यांच्या मॅनहॅटनमधील तळघरातल्या छोट्या स्टुडिओत पुन्हा सुरुवात केली. तेथे बहुतेक गाणी सर्वांनी एकत्र बसून, मोजक्या मायक्रोफोनांवर वाजवली. गायक ज्युलियन कॅसाब्लांकास यांचा आवाज तर घरी सरावाला वापरतात तशा एका लहानशा गिटार ॲम्प्लिफायरमधून काढला आणि त्या ॲम्प्लिफायरसमोर माइक धरला. अशा छोट्या ॲम्पमधून खर्जही नीट बाहेर पडत नाही आणि वरची झिलईही पडत नाही. उरतो तो मधला पट्टा, तोही किंचित चिरफाळलेला. तुम्हाला ऐकू येणारा ‘टेलिफोन’ तो हाच.

हे कशासाठी केले, ते गाणे ऐकताना लक्षात येते. भावगीतात शब्द आणि गळा पुढे असतो आणि वाद्ये अदबीने मागे बसतात. येथे गायकाला गिटारच्या रांगेत, तिच्या खांद्याला खांदा लावून उभे केले आहे. आवाज स्वच्छ आणि भरदार ठेवला असता, तर दोन्ही गिटारना मागे सरकावे लागले असते आणि अल्बमची धग तेथेच विझली असती. याचा एक अनपेक्षित फायदाही आहे. ठाणे–वाशी लोकलच्या खडखडाटात इतर अनेक ध्वनिमुद्रणांतला खर्ज बुडून जातो. हा अल्बम मात्र मधल्या पट्ट्यावरच उभा असल्यामुळे साध्या इअरफोनवरही बऱ्यापैकी टिकून राहतो.

एक सूचना मात्र करावीशी वाटते. पहिले, शीर्षकाचे गाणे मुद्दाम सुस्तावलेले आहे आणि त्यावरून पुढच्या गाण्यांचा अंदाज बांधता येत नाही. तुम्ही सातव्या आणि आठव्या गाण्यापासून सुरुवात करा. अकरा गाणी मिळून सगळा मामला साधारण ३६ मिनिटांचा आहे.

प्रश्न : आम्ही ऐरोलीत राहणारे अभियांत्रिकीचे विद्यार्थी. दोन गिटार, बेस आणि ड्रम्स असा आमचा बँड आहे. या अल्बमची गाणी बसवायला घेतली, पण जॅमरूममध्ये, म्हणजे सरावाच्या खोलीत, नुसता गोंगाट होतो. आमच्या ड्रमरच्या मते आम्ही भारी डिस्टॉर्शन पेडल (गिटारचा आवाज मुद्दाम खरखरीत करणारे उपकरण) घ्यायला हवे. घ्यावे का?
– एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई

पैसे वाचवा. डिस्टॉर्शन वाढवले की प्रत्येक स्वराभोवती उपस्वरांची गर्दी होते आणि हळू व जोरात छेडलेल्या तारेतला फरक पुसला जातो. दोघेही गिटारवादक त्याच कॉर्ड (एकत्र छेडलेले स्वर), गिटारच्या त्याच भागात, सहाही तारांवर वाजवत असतील, तर त्या गर्दीत बेस बुडतो, झांजांचा आवाज गिटारमध्ये मिसळतो आणि प्रत्येक जण दुसऱ्यावर मात करण्यासाठी आपला व्हॉल्यूम चढवत जातो. तुमच्या जॅमरूममध्ये बहुधा हेच होत असावे.

आता ‘लास्ट नाइट’ हे सातवे गाणे नीट ऐका. सुरुवातीला एकटी गिटार एकच स्वर सारख्या अंतराने ठोकत राहते. मग दुसरी गिटार कॉर्डचे तुटक फटकारे घेऊन आत येते आणि पाठोपाठ बेस व ड्रम्स उतरतात. दोघांचे काम वेगळे आहे आणि दोघांचेही काम लहान आहे. वाद्येसुद्धा वेगळ्या बनावटीची आहेत: निक व्हॅलेन्सी यांच्या हातात अर्धपोकळ अंगाची एपिफोन रिव्हिएरा, तर अल्बर्ट हॅमंड ज्युनियर यांच्या हातात भरीव अंगाची फेंडर स्ट्रॅटोकास्टर. आपल्याकडच्या पथकात ताशा बारीक, झरझर बोल काढतो आणि ढोल मोजक्या ठोक्यांनी वजन देतो. ढोलवाल्यांनी ताशाची नक्कल करायची ठरवली, तर मिरवणुकीत दोन्ही ऐकू येणार नाहीत.

जोराचा दुसरा भाग उजव्या हातात आहे. या संगीतातले वेगवान तुकडे शक्य तितके वरून खाली अशाच आघातांनी, म्हणजे डाऊनस्ट्रोकने वाजवावेत. खाली-वर हात फिरवणे सोपे असते, पण त्यात एक आघात जड आणि पुढचा हलका पडतो. सगळे आघात खालच्याच दिशेने आले की ते सारख्या वजनाचे होतात आणि ठेक्यात एक हट्टीपणा येतो. मनगट सुरुवातीला दुखेल; तेव्हा वेग कमी करा, आघाताची दिशा बदलू नका. तुमच्या ड्रमरलाही हे सांगा, की फॅब्रिझिओ मोरेटी या अल्बममध्ये कसरती करत नाहीत. काही ठिकाणी तर त्यांचे वादन ड्रम मशीन लावल्याइतके सरळ आहे. ‘हार्ड टू एक्स्प्लेन’ या आठव्या गाण्यात असा सरळ ठेका धावत असताना मध्येच सगळी वाद्ये एकदम थांबतात, क्षणभर काहीही वाजत नाही आणि मग सगळे एकाच आघातावर परत येतात. ती शांतता आधीच्या सरळपणामुळेच दचकवते. ड्रमर आधी दर चार मात्रांनी रोल घेत बसला असता, तर तिचे कोणालाच काही वाटले नसते.

पुढच्या सरावात एका गिटारने पाचव्या फ्रेटच्या (गिटारच्या दांड्यावरच्या आडव्या पट्टीच्या) खाली राहावे आणि दुसरीने सातव्याच्या वर. दोन्ही ॲम्पवरचे गेन (आवाज खरखरीत करणारे बटण) आणि खर्जाचे बटण इतके उतरवा, की एकेकटी गिटार ऐकायला जरा पातळ वाटेल. बेस गिटार सुरू झाली की ती उणीव भरून निघते. खोलीच्या मध्यभागी फोन ठेवून ध्वनिमुद्रण करा. त्यात बेसचे स्वर वेगवेगळे ओळखता आले नाहीत, तर गिटार अजून उतरवा. दोन गिटारचे तुकडे बसवण्याचे काम ॲम्प न लावता घरीही होते. जॅमरूमच्या तासांचे भाडे वाचते आणि निवासी भागात रात्रीची ध्वनिमर्यादा ४५ डेसिबल असल्याने सोसायटीतले शेजारीही दार ठोठावत नाहीत.

प्रश्न : हा बँड अमेरिकेत आरसीए या मोठ्या कंपनीकडे होता, असे वाचले. मग त्याला इंडी का म्हणायचे?
– एक वाचिका, कोपरखैरणे

तुमचा आक्षेप रास्त आहे. इंडी म्हणजे मोठ्या कंपन्यांपासून स्वतंत्र. ब्रिटनमध्ये त्यांच्या ध्वनिमुद्रिका रफ ट्रेड या स्वतंत्र कंपनीने काढल्या, अमेरिकेत आरसीएने. म्हणजे व्यवहाराने हा बँड अर्धाच इंडी. हे नाव त्यांना चिकटले ते वाजवण्याच्या आणि ध्वनिमुद्रणाच्या पद्धतीमुळे. व्यवहारानेही इंडी असलेले उदाहरण हवे असेल, तर शेफील्डच्या ‘आर्क्टिक मंकीज’चा पहिला अल्बम घ्या. जानेवारी २००६ मध्ये डॉमिनो या स्वतंत्र कंपनीने तो काढला आणि ब्रिटनमध्ये पहिल्याच आठवड्यात त्याच्या साडेतीन लाखांहून अधिक प्रती खपल्या. मला विचाराल, तर तो अल्बम ‘इज धिस इट’पेक्षा जास्त बोलका आहे, पण इतका नेटका नाही.

प्रश्न : माझ्याकडच्या ‘इज धिस इट’च्या जुन्या सीडीवरचे नववे गाणे मित्राच्या प्रतीपेक्षा वेगळे आहे. माझी सीडी बनावट आहे का?
– एक वाचक, घोडबंदर रस्ता, ठाणे

तसे समजण्याचे कारण नाही. मूळ अल्बममध्ये नवव्या क्रमांकावर ‘न्यूयॉर्क सिटी कॉप्स’ हे पोलिसांची टिंगल करणारे गाणे आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर बँडने अमेरिकी सीडीतून ते काढून ‘व्हेन इट स्टार्टेड’ हे गाणे घातले आणि सीडीचे प्रकाशन ९ ऑक्टोबरपर्यंत लांबले. मुखपृष्ठ पाहा: हातमोजा घातलेल्या हाताचे कृष्णधवल छायाचित्र असेल तर ती आंतरराष्ट्रीय आवृत्ती, आणि सूक्ष्म कणांच्या वाटा दाखवणारे रंगीत चित्र असेल तर अमेरिकी.