जेलमधून सुटून आल्यावर भाड्याची खोली शोधताना

भावा, एजंटाकडे आधी जाऊ नकोस. दलाली जाईल आणि पोलिसांचा विषय निघाला की तोच मागे सरेल. मालक स्वतः शेजारी राहतो अशी चाळीतली किंवा बैठ्या घरातली खोली बघ. तिथे माणूस बघून निर्णय होतो, सोसायटीच्या कमिटीत नाही.

केस लपवू नकोस. मुंबई-पुण्यात घरमालक भाडेकरूची माहिती पोलिसांना देतात. मागाहून कळलं तर डिपॉझिट अडकतं आणि सामान बाहेर येतं, ते फार वाईट. म्हणून टोकन देण्याआधीच दोन वाक्यांत सांग: काय झालं होतं, आता कुठे कामाला आहेस. निर्दोष सुटला असशील तर निकालाची प्रत, शिक्षा भोगली असशील तर सुटकेचा कागद, शिवाय कामावरच्या शेठचं पत्र सोबत ठेव. दहा जण नाही म्हणतील. तरी विचारत राहा.

करार तोंडी नको. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार तो लेखी आणि नोंदणीकृत हवा, नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. जामिनावर असशील तर नवा पत्ता वकिलामार्फत कोर्टाला कळव.

मुंबईत अगदीच अडलास तर टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या ‘प्रयास’ प्रकल्पात जा. सुटून आलेल्यांसोबत ते १९९० पासून काम करतात.