एसएन१ आणि एसएन२ ओळखायची सोपी युक्ती सांगाल का? प्रतियोजन अभिक्रियेचे प्रकार किती?

प्रतियोजन म्हणजे रेणूतला एक अणू किंवा गट जाऊन त्या जागी दुसरा येणं. प्रकार ढोबळ तीन. फ्री रॅडिकल (उन्हात मिथेन आणि क्लोरीन), इलेक्ट्रोफिलिक (येणारा इलेक्ट्रॉन शोधत येतो; बेंझीनचं नायट्रेशन) आणि न्यूक्लिओफिलिक (येणारा, म्हणजे न्यूक्लिओफाइल, इलेक्ट्रॉनची जोडी घेऊन येतो). एसएन१, एसएन२ या तिसऱ्यात: एसएन१मध्ये आधी जुना गट सुटतो, मग नवा येतो; एसएन२मध्ये नवा मागून येतो तेव्हाच जुना जातो. युक्तीचं म्हणाल, तर त्या युक्तीवरून आमच्या घरात अबोला झालाय.

मी सांगलीत एका कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबला होतो. साडू विश्रामबागेत क्लास घेतात. त्यांचा तक्ता पोरांना तोंडपाठ: प्रायमरी (हॅलोजनच्या कार्बनला एकच कार्बन जोडलेला) की एसएन२, टर्शरी (तीन कार्बन जोडलेले) की एसएन१. त्यांचाच एक जुना विद्यार्थी बी.एस्सी.ला आमच्याकडे आला. प्रॅक्टिकलला त्याला बेंझिल क्लोराइड दिलं, नाव न सांगता. (डोळे झोंबतात, त्यावरूनच कळायला हवं होतं.) पठ्ठ्यानं अल्कोहोलमधल्या सिल्व्हर नायट्रेटमध्ये थेंब टाकले, लगेच पांढरा प्रेसिपिटेट (साका), म्हणजे एसएन१. "सर, टर्शरी!" म्हटलं, आता ॲसिटोनमधल्या सोडियम आयोडाइडमध्ये टाक. तिथंही प्रेसिपिटेट, म्हणजे एसएन२. पोरगं तक्ता आठवत उभं.

प्रायमरीच आहे ते. पण क्लोराइड सुटला की उरलेला धन भार बेंझीनच्या कड्यात वाटला जातो, म्हणून कार्बोकॅटायन (धन भाराचा कार्बन) टिकतो आणि एसएन१ जमते. शिवाय त्या कार्बनभोवती गर्दी नाही, त्यामुळे आयोडाइड मागून सरळ येतो. वाट कुठली, ते सॉल्व्हंट आणि न्यूक्लिओफाइल ठरवतात.

दिवाळीच्या फराळाला साडूंना हे सांगितलं. म्हणाले, "पेपरात तक्ताच येतो हो." अहो, ह्यूज आणि इंगोल्ड या रसायनशास्त्रज्ञांनी १९३०च्या दशकात वेग मोजून मोजून हे उलगडलं. एसएन१, एसएन२ यातले १ आणि २ म्हणजे वेग ठरवणाऱ्या पायरीत किती रेणू गुंतलेत ते. प्रायमरी-टर्शरी हा त्याचा परिणाम, व्याख्या नव्हे. साडूंच्या नोट्समध्ये ही ओळ आजतागायत नाही.

आता, साधे अल्काइल हॅलाइड (कार्बनच्या साध्या साखळीला हॅलोजन जोडलेले) असतील तर तक्ता चालतो. मिथाइल ब्रोमाइड एसएन२, टर्शरी ब्युटाइल ब्रोमाइड पाण्यात एसएन१, यात वाद नाही. सीईटी तोंडावर असेल तर खुशाल पाठ करा.

पण क्लास लावण्याआधी सरांना एवढं विचारा: निओपेंटिल ब्रोमाइड प्रायमरी असूनही एसएन२ला इतकं का रखडतं? शेजारच्या टर्शरी ब्युटाइल गटाच्या अडचणीबद्दल बोलले तर फी भरा. तक्ता काढला तर उठा. आणि क्लास विश्रामबागेत असेल तर मला नाव कळवू नका, ओळखलं मी.