"गोष्टी वाचतच नाही, नुसती माहितीची पुस्तकं!"

"गोष्टीचं पुस्तक हातात धरत नाही बघा, मॅडम. साप, विमान, ज्वालामुखी, एवढंच. त्यातबी नुसती चित्रं बघत बसतोय."

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली एक आई चौथीतल्या मुलाला घेऊन आली होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) बेळगाव-निपाणीकडच्या पालकांचीही हीच तक्रार असते.

मुलापुढे मी प्राण्यांचं एक सचित्र पुस्तक ठेवलं. त्यानं थेट शेवटची सूची काढली, 'व'खाली बोट फिरवत वटवाघूळ शोधलं आणि पान उघडून आधी आकृती बघितली. वटवाघळाच्या तोंडातून निघालेला आवाज, किड्यावर आपटून कानाकडे परत येणारे बाण. बाणावर बोट ठेवून खालची ओळ वाचली, पुन्हा आकृतीवर आला. मग मान वर न करताच म्हणाला, "ह्यात आमच्या भीमगडचं का नाही?"

प्रश्न रास्त होता. भीमगडच्या जंगलातल्या बारापेडे गुहेतल्या 'रॉटनचं वटवाघूळ' या जातीची शास्त्रीय नोंद १९१३ साली झाली. पुढे कितीतरी वर्षं ते जगात दुसरीकडे कुठंच आढळलं नव्हतं. हे सांगितल्यावर स्वारी खूश.

आईला म्हटलं, याला वाचनच म्हणतात. गोष्ट पहिल्या ओळीपासून वाचावी लागते, माहितीच्या पुस्तकात मधूनच शिरता येतं. सूची, आकृती, चित्राखालची ओळ यांचा मेळ घालणं सोपं नसतं. आठवीचा विज्ञानाचा धडा असाच वाचावा लागतो. मला अडचण दिसली ती वेगळीच. घरी प्रत्येक पानानंतर चाचणी व्हायची, "सांग बघू, काय वाचलास?" म्हणून पोरगं आई आली की पुस्तक मिटायचं.

चाचणी बंद करा, म्हटलं. तुम्हाला खरंच ठाऊक नसलेलं काहीतरी त्याला विचारा. बाईंचं माहेर कणकुंबीचं. जरा विचार करून म्हणाल्या, "मलप्रभा आमच्यातनं निघून पूर्वेला जाते आणि ह्याच तालुक्यातली म्हादई गोव्याकडं. असं का?" पोरगं लगेच नकाशा मागायला लागलं.

अर्थात, काही वेळा दखल घ्यावी लागते. मूल चित्राखालची ओळही टाळतं, मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्हींत अक्षरं चुकवतं, तर आधी डोळे तपासा आणि शिक्षकांशी बोला. एकाच विषयावर बोलत राहून समोरच्याचं ऐकतच नसेल, तर समुपदेशकाला दाखवा. या मुलात तसलं काही नव्हतं.

पुस्तकं महाग पडतात, हे खरंच आहे. टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी बनवणाऱ्या अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर मराठी विज्ञानपुस्तकं फुकट मिळतात. मात्र मोबाइलवर आकृती मोठी केली की खालची ओळ पडद्याबाहेर जाते. हवी ती चार पानं झेरॉक्सवाल्याकडून छापून आणा.