वेटसूट नसला तर? : पोहणाऱ्या वाचकांचे प्रश्न

लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनविषयी, म्हणजे पोहणे, सायकल आणि धावणे एकापाठोपाठ करण्याच्या शर्यतीविषयी, सोलापूर जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे या वेळी घेतली आहेत. वेटसूट म्हणजे पोहताना घालायचा, अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख. पहिल्या पत्रातील अडचण बहुतेकांची आहे, म्हणून त्याचे उत्तर विस्ताराने दिले आहे.

प्रश्न : स. न. वि. वि. मी जुळे सोलापूर येथे राहतो. वय ३९, नोकरी बँकेत. धावणे आणि सायकल यांचा सराव चांगला आहे. पोहायला मात्र चार वर्षांपूर्वी शिकलो. गोव्याच्या हाफ आयर्नमॅनसाठी नाव नोंदवले आहे आणि तेथे वेटसूट चालत नाही असे कळले. पुण्याच्या मित्राचा वेटसूट घालून तलावात १९०० मीटर ५६ मिनिटांत झाले; त्याशिवाय १ तास ४ मिनिटे लागली आणि पाय सारखे खाली जात होते. मला वेळेत पोहता येईल का?

उत्तर : आपण दिलेल्या दोन आकड्यांतच निदान आहे, म्हणून आधी तेच नीट पाहू. १९०० मीटरला ६४ मिनिटे म्हणजे दर १०० मीटरला ३ मिनिटे २२ सेकंद. हाफ आयर्नमॅनमध्ये, म्हणजे आयर्नमॅन या लांब ट्रायथलॉनच्या अर्ध्या अंतराच्या शर्यतीत, पोहण्यासाठी १ तास १० मिनिटे मिळतात, म्हणजे दर १०० मीटरला ३ मिनिटे ४१ सेकंद. तेव्हा आजही आपण मर्यादेच्या आत आहात. परंतु समुद्रात लाट असते, वाट थोडी वाकडी होते आणि गर्दीत दोन-चार वेळा थांबावे लागते, त्यामुळे हाताशी असलेली सहा मिनिटे मला पुरेशी वाटत नाहीत. वेटसूटमुळे आपला वेग दर १०० मीटरला सुमारे २५ सेकंदांनी वाढला, ही गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. सराईत पोहणाऱ्याला वेटसूट इतका फायदा देत नाही, कारण त्याचे पाय मुळातच पृष्ठभागाशी असतात. ज्याचे पाय जितके खाली, त्याला वेटसूटची मदत तितकी अधिक. दोष आपल्या हातांत किंवा दमात नाही, पाण्यातील शरीराच्या ठेवणीत आहे.

वेटसूट ज्या निओप्रीनचा असतो, त्या रबरात वायूचे असंख्य बारीक बुडबुडे कोंडलेले असतात. ते थंडी अडवतात हे खरेच, पण त्याच बुडबुड्यांमुळे कंबर आणि मांड्या आयत्या वर उचलल्या जातात. माझे बालपण मोहोळ तालुक्यातील एका वस्तीवर गेले. तेथे चुलत्यांनी आम्हाला विहिरीत पोहायला शिकवले, तेव्हा पाठीला वाळलेल्या पांगाऱ्याच्या हलक्या लाकडांचा बिंडा बांधला होता. चार दिवस गेले की ते त्यातले एक लाकूड गुपचूप काढून घेत आणि आम्हाला त्याचा पत्ताही लागत नसे. शेवटी नुसती दोरीच पाठीला राहिली आणि तरीही आम्ही कडेपर्यंत पोचलो, तेव्हा वर थारोळ्यावर बसलेली सगळी भावंडे ओरडली होती. वेटसूट हा असाच बिंडा आहे. फरक इतकाच, की मित्राचा वेटसूट एकाच दिवशी पूर्ण अंगावर चढला आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण उतरला. आपल्याला त्यातली लाकडे एकेक करून काढायची आहेत.

माणसाच्या शरीरात हवा असते ती छातीत आणि वजन असते ते कंबरेखाली. पाण्यात आडवे झाल्यावर छाती वर येते आणि पाय खाली जातात, हा तराजूचाच प्रकार आहे. श्वासासाठी किंवा समोर पाहण्यासाठी डोके उचलले, की तराजूचे दुसरे पारडे म्हणजे पाय आणखी खाली जातात. म्हणून पहिला उपाय मानेचा. नजर समोरच्या भिंतीकडे नसून थेट तळाकडे हवी आणि मानेची मागची बाजू सैल हवी. गेल्या आठवड्यात माझ्याकडे आलेल्या एका धावपटूला मी भिंतीला पाय लावून नुसते ढकलून घ्यायला आणि हात लांब करून निश्चल पडून राहायला सांगितले. पाच आकडे मोजून होण्याआधीच त्याच्या टाचा खाली गेल्या आणि तो जवळजवळ उभा झाला. मग मी त्याला हनुवटी आत घ्यायला आणि दोन काखांच्या मधला छातीचा भाग पाण्यात किंचित दाबायला सांगितले. दहा-बारा प्रयत्नांनंतर त्याच्या टाचांवर वारा लागू लागला. ‘पाठ कोरडी वाटतेय,’ असे तो म्हणाला, तेव्हा मला समजले की त्याला जमले. हा सराव आपण रोज पोहण्यापूर्वी दहा मिनिटे करावा. त्याला दम लागत नाही आणि कोणतेही साहित्य लागत नाही.

दुसरी गोष्ट श्वास सोडण्याची. मोठ्या वयात शिकलेली मंडळी पाण्याखाली श्वास कोंडून धरतात. त्यामुळे छाती फुगून वर येते, पाय खाली जातात, आणि तोंड बाहेर आल्यावर एकाच क्षणात श्वास सोडणे व घेणे अशी दोन्ही कामे करावी लागतात. तोंड पाण्यात गेल्या गेल्या नाकातून संथपणे बुडबुडे सोडत राहावे, म्हणजे बाहेर आल्यावर फक्त घ्यायचेच काम उरते.

तिसरी गोष्ट धावपटूंच्या आणि सायकलस्वारांच्या घोट्यांची. रस्त्यावर पळून घोटे ताठ झालेले असतात; पाण्यात बोटे मागे वळण्याऐवजी खाली रोवलेली राहतात आणि जहाजाच्या नांगरासारखी गती अडवतात. रात्री गुडघे दुमडून, पायांची वरची बाजू जमिनीला टेकवून वज्रासनात पाच मिनिटे बसावे. हळूहळू घोटे मोकळे होतात. पाय जोराने आपटण्याची गरज नाही. लांब पल्ल्यात दोन हातांमागे दोन संथ लाथा पुरेत, कारण पुढे ९० किलोमीटर सायकल आणि २१ किलोमीटर धावणे याच पायांनी करायचे आहे.

मांड्यांमध्ये धरायच्या तरंगत्या फोमच्या तुकड्याविषयी, म्हणजे पुल बॉयविषयी, सावध राहावे. त्याने पाय वर येतात आणि वेळ सुधारलेली दिसते, पण तोही बिंडाच आहे. आठवड्याला तीन सराव असतील तर एकाच सरावात, तोही ३०० मीटरपर्यंत, त्याचा उपयोग करावा. उरलेल्या दोहोंपैकी एका दिवशी १०० मीटरच्या वीस फेऱ्या, प्रत्येकीनंतर १५ सेकंद विश्रांती; दुसऱ्या दिवशी न थांबता पोहणे, ते १००० मीटरपासून सुरू करून दोन महिन्यांत २००० मीटरपर्यंत नेणे. २५ मीटरच्या तलावात १९०० मीटर म्हणजे ७६ लांब्या होतात आणि प्रत्येक लांबीनंतर भिंत ढकलल्याने मोठी मदत मिळते, जी समुद्रात नसते. म्हणून न थांबता पोहण्याच्या दिवशी भिंतीला हात न लावता अलीकडूनच वळावे. हे पहिल्यांदा कराल तेव्हा वेळ बरीच वाढेल. त्याने खचू नये, ती आपली खरी वेळ आहे.

समुद्रात दिशेसाठी समोर पाहावे लागते. त्या वेळी पूर्ण डोके बाहेर काढू नये. डोहात बसलेली म्हैस जसे डोळे पाण्याच्या जेमतेम वर ठेवते, तसे आपणही केवळ डोळेच बाहेर काढावे आणि लगेच बाजूला वळून श्वास घ्यावा. आणखी एक गोष्ट आपल्या बाजूची आहे : समुद्राचे खारे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असते, त्यामुळे तलावात जेवढे पाय बुडतात तेवढे गोव्यात बुडणार नाहीत. दर १०० मीटरला ३ मिनिटे १० सेकंद एवढा वेग तलावात, भिंत न ढकलता, आला की मिरामारच्या किनाऱ्यावर आपण निश्चिंत उभे राहू शकाल.

प्रश्न : मी बार्शीचा. लहानपणापासून विहिरीत पोहत आलो आहे. पुढील वर्षी युरोपात पूर्ण अंतराची आयर्नमॅन करणार आहे. तेथे बहुतेक सर्वजण वेटसूट घालतात असे ऐकतो. मला तो नको वाटतो, खांदे आवळल्यासारखे होतात. त्याशिवाय ३.८ किलोमीटर पोहणे शहाणपणाचे आहे का?

उत्तर : आपली इच्छा मला मनापासून आवडली. १९७८ मध्ये हवाईत पहिली आयर्नमॅन झाली तेव्हा कोणाच्याही डोक्यात वेटसूट नव्हता. खास ट्रायथलॉनसाठी शिवलेला पहिला वेटसूट अमेरिकेत १९८७ मध्ये आला. हवाईतील कोना येथे आजही तो चालत नाही, कारण पाणी गरम असते. इंग्लिश खाडी पोहून जाणाऱ्यांच्या जुन्या नियमात तर पोहण्याचा साधा पोशाख, एक टोपी आणि चष्मा एवढेच बसते. भारताच्या आरती साहा यांनी २९ सप्टेंबर १९५९ रोजी तशाच थंड पाण्यात १६ तास २० मिनिटे पोहून ती पार केली. पुण्याच्या रोहन मोरे यांनी जगातील सात अवघड खाड्या त्याच शिस्तीत पूर्ण केल्या. शरीर हे करू शकते, याविषयी शंका नाही.

मात्र त्यांना पाण्यातून बाहेर पडल्यावर १८० किलोमीटर सायकल चालवायची नव्हती, हा फरक विसरू नये. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने अंगातील उष्णता ओढून घेते. कुडकुडत सायकलवर बसलेल्या माणसाची बोटे ब्रेकवर नीट वळत नाहीत आणि पोटात घातलेले अन्न अंग गरम करण्यातच खर्ची पडते. आयर्नमॅनच्या नियमानुसार पाणी २४.५ अंशांपर्यंत असेल तर वेटसूट घालण्याची मुभा असते; ही मुभा आहे, सक्ती नाही. फार थंड पाण्यात मात्र आयोजक तो सक्तीचा करतात. माझे मत असे, की २० अंशांच्या वर आपण खुशाल वेटसूटशिवाय पोहावे, १८ अंशांच्या खाली हट्ट सोडावा, आणि मधल्या टप्प्यात आपण थंड पाण्याची किती सवय केली आहे त्यावर ठरवावे.

ती सवय बार्शीत होऊ शकते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे विहिरीचे किंवा तलावाचे पाणी अंगावर काटा आणते. आधी पाच मिनिटे, मग दहा, मग वीस असे दिवसाआड उतरावे. उतरताच सूर मारू नये. पहिल्या एक-दोन मिनिटांत श्वास आपोआप जोरात ओढला जातो आणि त्याच वेळी तोंड पाण्यात असले तर घात होतो. काठावर बसून तोंडावर, मानेवर पाणी घ्यावे, श्वास सावकाश झाला की मग पुढे जावे. पोहताना हाताची बोटे जुळेनाशी झाली किंवा बोलताना जीभ जड वाटली, तर त्या दिवशी तेवढ्यावरच थांबावे, मग कितीही कमी अंतर झालेले असो. बाहेर आल्यावर आपली सोलापुरी चादर अंगभर लपेटून कोमट काहीतरी प्यावे.

खांदे आवळतात याचे कारण बहुतेक वेळा वेटसूटचे माप किंवा तो चढवण्याची घाई असते. बाह्या मनगटापासून वर सरकवत काखेपर्यंत नीट नेल्या की बराच फरक पडतो. बिनबाह्यांचा वेटसूटही मिळतो. आपल्याला तो मधला मार्ग म्हणून पटेल असे वाटते.

प्रश्न : वेटसूट चालत नसेल तर स्विमस्किन विकत घ्यावा का? (अक्कलकोट)

उत्तर : पहिल्या स्पर्धेसाठी नको. तो निव्वळ कापडाचा असतो, ट्रायसूटच्या (पोहणे, सायकल आणि धावणे या तिन्हींसाठी घालायच्या एकाच पोशाखाच्या) वर घालतात, पाणी न शोषल्याने घसट कमी होते आणि काही सेकंद वाचतात. तो तरंगवत नाही. त्या पैशांत कोणाकडून तरी आपल्या पोहण्याचे पाण्याखालून चित्रीकरण करून घ्यावे, ते अधिक उपयोगी पडेल. मानेला आणि काखेला व्हॅसलीन मात्र विसरू नये. खाऱ्या पाण्यात कातडी सोलवटते.

प्रश्न : माझा मुलगा २२ वर्षांचा आहे. ट्रायथलॉनच्या सरावासाठी एप्रिल-मेमध्ये उजनीच्या पाण्यात तास-दीड तास पोहतो. थंडी वाजत नाही म्हणून धोका नाही, असे तो म्हणतो. आईचा जीव आहे, राहवत नाही. (पंढरपूर तालुका)

उत्तर : ताई, आपली काळजी रास्त आहे आणि हे उत्तर त्याला वाचून दाखवावे. आपल्या भागात पोहणाऱ्याला थंडीपेक्षा उष्णतेचा धोका अधिक आहे, आणि तो लवकर ओळखू येत नाही, कारण पाण्यात घाम दिसत नाही. २०१० मध्ये संयुक्त अरब अमिरातीतील फुजैरा येथे खुल्या पाण्यातील दहा किलोमीटरच्या शर्यतीत फ्रॅन क्रिपेन हा अमेरिकेचा नामवंत पोहणारा दगावला. पाणी आणि हवा दोन्ही अतिशय गरम होत्या. त्यानंतर अशा शर्यतींसाठी पाण्याच्या तापमानाची ३१ अंश ही वरची मर्यादा ठरवली गेली. मे महिन्यात दुपारी काठालगतचे उथळ पाणी हाताला चक्क कोमट लागते, हे आपण पाहिलेच असेल.

त्याने सूर्य वर येण्यापूर्वी पोहावे, पाण्यात उतरण्याआधी दोन पेले पाणी प्यावे आणि दर अर्ध्या तासाने काठावर येऊन मीठ-साखरेचे पाणी घ्यावे. जाड रबरी टोपी वापरू नये, साधी पातळ टोपी भडक केशरी रंगाची असावी. कमरेला दोरीने बांधून मागे ओढायचा फुगा जरूर घ्यावा. तो पोहायला अडथळा करत नाही आणि दम लागला तर धरून तरंगता येते. जलाशयात मासेमारीची जाळी, बुडालेली झाडे आणि पाणी उतरल्यावर उघडे पडणारे जुने बांध असतात, म्हणून तेथील कोळी बांधवांना विचारून जागा ठरवावी, आणि पोहण्यास मनाई असलेल्या भागात उतरू नये. एकट्याने तर कधीच नाही. तो बाहेर येईपर्यंत एक माणूस काठावर उभा असावा, त्याच्याजवळ दोर किंवा हवा भरलेली ट्यूब असावी, आणि त्याचे लक्ष त्या केशरी टोपीवर असावे.