मॅडम, तो वरचा लाइट बंद केला तर चालेल का?

परवा एका मुलीचा मेसेज आला. खरं सांगायचं तर या टाइपचे मेसेज मला अधूनमधून येतातच, फक्त शब्द वेगळे असतात. तिने लिहिलं होतं, ताई, मी चार महिने एका काउन्सेलरकडे जातीये, त्या खूप चांगल्या आहेत, पण त्यांच्या रूममध्ये शिरलं की मला कसंतरीच होतं, डोक्यावर पांढराफेक लाइट, डोळे चुरचुरतात, अर्ध्या तासात डोकं चढतं आणि मग मी नुसतं हो नाही करत बसते, लाइट कमी करा म्हटलं तर त्यांना वाटेल ही नखरे करतीये, का मीच बोलायचं टाळायला बहाणे शोधतीये?

सांग गं बाई, पुढच्याच सेशनला सांग. नखरे बिखरे काही नाही. आणि मी एवढं ठासून का सांगतीये, तर मीही काउन्सेलरच आहे आणि त्या खुर्चीत बसून ही चूक मी स्वतः केलेली आहे, तीही बरेच दिवस.

माझी रूम म्हणजे कोथरूडमधल्या एका जुन्या सोसायटीतल्या वन बीएचकेचा हॉल. भाड्याने घेतला तेव्हाच फॉल्स सीलिंग आणि त्यात चार चौकोनी एलईडी पॅनल होते, मी फक्त दोन खुर्च्या, एक टीपॉय, टिश्यूचा डबा आणि मनीप्लांट ठेवला, झालं क्लिनिक तयार. चारही पॅनल एकाच बटणावर. माझी खुर्ची खिडकीकडे पाठ करून, कारण मला दार दिसायला हवं, आणि समोरची खुर्ची बरोब्बर एका पॅनलखाली. ही मांडणी मी मुद्दाम विचार करून केली होती असंही नाही, वायर आणि एसीचं तोंड बघून जिथे बसलं तिथे बसलं.

तिथे एक जण यायची. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, आणि लिहू का असं तिला विचारलंय.) तिशीतली, हिंजवडीत नोकरी, आई जाऊन पाच महिने झालेले, झोप उडालेली. यायची वेळेवर, फी द्यायची वेळेवर, बोलायची मात्र मोजून मापून. आणि एक सवय, डाव्या हाताची बोटं भुवईवर आडवी धरून बसायची, उन्हात लांबून येणारी बस बघताना आपण धरतो ना तशी. नजर खाली. मी काय केलं, तर माझ्या डायरीत लिहिलं, नजर टाळते, आईविषयी बोलताना गार्डेड. तीन सेशन्स सलग तेच लिहिलं, आणि चौथ्याच्या आधी डोक्यात थिअरीही तयार होती, आईशी काहीतरी भांडण राहून गेलं असणार, त्याची लाज असणार वगैरे. आम्हा लोकांना थिअरी फार पटकन सुचते.

चौथं सेशन गुरुवारी होतं. पुण्यात गुरुवार म्हणजे मेंटेनन्सचा वार, त्यात जुलैचा पाऊस, खिडकी लावून मी पडदाही ओढलेला. दहा मिनिटं झाली आणि लाइट गेले. इन्व्हर्टरवर फक्त फॅन आणि पॅसेजमधला एक छोटा पिवळा बल्ब, त्याचा उजेड बाजूने दारातून येत होता तेवढाच. मी म्हटलं सॉरी हां, येतील इतक्यात. ती म्हणाली असू दे. आणि तिने हात खाली घेतला. मग आई शेवटी शेवटी भाकरी थापायला हट्टाने ओट्यापाशी कशी उभी राहायची, पाय थरथरायचे म्हणून हिने स्टूल आणलं तर त्यावर बसायचीच नाही, हे सगळं ती माझ्याकडे बघत बघत सलग पाऊण तास बोलली. भांडण बिंडण काही नव्हतं. मध्येच खाली पार्किंगमधली पोरं "आलेऽऽ" ओरडली, चारही पॅनल भसकन लागले, आणि तिचं वाक्य अर्ध्यात तुटलं. हात परत भुवईवर.

तेव्हा कुठे मी विचारलं, तुला या लाइटचा त्रास होतो का. तर म्हणाली, सवय आहे मॅडम, कॉलेजपासून मायग्रेन आहे, ऑफिसमध्येही असेच आहेत, कुठे कुठे सांगत बसू. मग थोडं थांबून, एक बोलू का, एरवी मला तुमचा चेहरा दिसत नाही, मागून खिडकीचा उजेड येतो ना, नुसती काळी आकृती दिसते, तुम्ही हसताय का कंटाळलाय काही कळत नाही.

ती गेल्यावर मी पडदा उघडून तिच्या खुर्चीत बसले. दोन वर्षं ती रूम चालवत होते आणि त्या खुर्चीत मी एकदाही बसले नव्हते. बापरे. वरून पॅनल सरळ कपाळावर, आणि समोर माझ्या रिकाम्या खुर्चीमागे ढगाळ आभाळाचा पांढरा चौकोन, कुठेही बघा डोळे बारीक होणारच. जिला चौकशीला बसवलंय तिच्यावर फोकस आणि चौकशी करणारा अंधारात, पोलिसी सिनेमात दाखवतात तशी मांडणी मी आपल्या हाताने करून ठेवली होती.

यातला टेक्निकल भाग थोडक्यात सांगते, कारण नंतर मी त्यात बरीच डोकेफोड केली. आपल्याकडे घराघरात जो पांढरा लाइट असतो तो बहुतेक वेळा ६५०० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर), पाकिटावर कूल डेलाइट लिहिलेलं असतं, त्यात निळसर भाग जास्त. पिवळट वॉर्म व्हाइट म्हणजे २७०० ते ३००० केल्विन. संध्याकाळी असा प्रखर निळसर उजेड डोळ्यावर घेतला तर मेलाटोनिन (झोपेची वेळ झाली हे शरीराला सांगणारं हार्मोन) तयार होणं मंदावतं आणि झोप पुढे ढकलली जाते, म्हणजे मी निद्रानाशाच्या लोकांना संध्याकाळी सातच्या स्लॉटला नेमकं त्याच्याखाली बसवून झोपेच्या सवयी शिकवत होते. दुसरं म्हणजे फ्लिकर. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या चोकवाल्या ट्यूबचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो, स्वस्त ड्रायव्हरवाल्या (ड्रायव्हर म्हणजे एलईडीला वीज पुरवणारं सर्किट) एलईडीचंही तेच. डोळ्याला दिसत नाही, पण काहींचं डोकं त्याने दुखतं, विशेषतः मायग्रेनवाल्यांचं, त्यांना अ‍ॅटॅक नसतानाही उजेड जास्त टोचू शकतो. मोबाइलमध्ये स्लो मोशन लावून लाइटचा व्हिडिओ काढा, उजेड लुकलुकताना किंवा पट्टे सरकताना दिसले तर समजायचं. माझ्या चारपैकी दोन पॅनलमध्ये दिसले.

मग इलेक्ट्रिशियनला बोलावलं. दोन पॅनल बदल, प्रत्येकाला वेगळं बटण दे, आणि कोपऱ्यात उभ्या दिव्यासाठी पॉइंट काढ. तो म्हणाला मॅडम ऑफिस आहे का बेडरूम? पिवळा लाइट कोण लावतं ऑफिसला? त्याचंही चूक नाही, आपल्याकडे पांढरा उजेड म्हणजे स्वच्छ, लख्ख, पैसे वसूल, आणि पिवळा म्हणजे एकतर झिरोचा बल्ब नाहीतर महागडं हॉटेल. खुर्च्याही फिरवल्या, आता खिडकी दोघींच्याही बाजूला येते, आणि मी मान वळवली की दारही दिसतं. खर्चाचं म्हणाल तर खुर्च्या फिरवायला शून्य रुपये लागले आणि सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडला.

इथे मला फार शहाणपण आलं होतं. २००६ साली जपानच्या मिवा आणि हान्यू यांचा एक अभ्यास छापून आलाय, काउन्सेलिंग रूमसारख्या खोलीत मंद उजेड ठेवला तर कॉलेजची मुलं जास्त रिलॅक्स होती, स्वतःबद्दल जास्त बोलली आणि समोरच्याविषयी त्यांचं मतही चांगलं झालं. तो वाचला आणि मी सगळ्यांनाच त्या पिवळ्या मंद उजेडात बसवायला लागले.

आणि आपटले. एक दादा यायचे, सराफाच्या दुकानात सेल्समन. आधी बरे बोलायचे, नवीन दिव्याखाली एकदम कडक, पाठ ताठ, चेहऱ्यावर गिऱ्हाइकासमोरचं हसू. दोन सेशन्सनंतर विचारलं तर म्हणाले, सोनं उठून दिसावं म्हणून आमच्याकडे सगळे पिवळे स्पॉटलाइट असतात, दहा तास त्याखाली उभा असतो, इथे आलो की वाटतं अजून ड्युटीवरच आहे. घ्या! दुसरे एक काका, सत्तरी ओलांडलेले, त्यांना कमी ऐकू यायचं, समोरच्याच्या ओठांवर लक्ष ठेवून बोलणं समजून घ्यायचे, आणि मी छानपैकी ओठच अंधारात नेऊन ठेवले. त्यांच्याबरोबर यायच्या त्या काकूंनी तर दारातच सुनावलं, अगं तिन्हीसांजा झाल्या, दिवा लाव की, अशी काय बसलीयेस? काका कारण सांगत नव्हते, नुसतं "हो, बरं" म्हणायचे. पुन्हा डायरीत काहीतरी भलतंच लिहिणार होते मी.

आता पहिल्याच दिवशी मी बटणं दाखवते, पाणी कुठेय वॉशरूम कुठेय सांगतो तसंच. हे वरचं, हे खिडकीजवळचं, हा दिवा, काय पाहिजे ते लावा, मधेच बदललं तरी चालेल. काही जण हातही लावत नाहीत. काही जण मात्र पहिली पाच मिनिटं त्यातच घालवतात, आणि मला ते आवडतं, कारण आल्या आल्या एक गोष्ट त्यांच्या मनासारखी झालेली असते.

तर मेसेजवाल्या मुली, तुला भाषण द्यायची गरज नाही. बसायच्या आधी उभ्यानेच म्हण, मॅडम, हा वरचा लाइट माझ्या डोळ्यावर येतो, बंद केला तर चालेल का? किंवा खुर्ची जरा सरकवू का? बस. सेशनच्या शेवटी सांगायला ठेवू नकोस, शेवटी वेळ नसतो आणि डोकंही दुखत असतं. आणि बहाणा आहे का, या तुझ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळेल, लाइट बंद झाल्यावरही तोंड उघडलं नाही तर तेही त्यांना सांग, मग त्यावर बोलता येईल, पण आधी डोळ्यांना तर आराम पडू दे. सांगितल्यावर त्या चिडल्याच तर ती मात्र लाइटपेक्षा मोठी अडचण आहे. ऑनलाइन सेशन असेल तर त्यांनाही सांगता येतं की मॅडम मागची खिडकी झाका, चेहरा दिसत नाहीये. हां, आणि उजेडाचा त्रास अचानक सुरू झाला असेल, बरोबर ताप, मान आखडणं, डोळा लाल होऊन दुखणं असं काही असेल तर आधी डॉक्टर, काउन्सेलर नंतर.

ती हिंजवडीवाली अजून येते. दिवे बदलले म्हणून दुःख काही कमी झालं नाही, झोप यायला पुढे तीनेक महिने गेले. डायरीतली ती "नजर टाळते" ओळ मी खोडली. आली की आधी बटणांपाशी जाते, वरचे बंद, कोपऱ्यातला दिवा चालू. गेल्या महिन्यात मात्र आली आणि सगळे लावले, चारच्या चार. मी बघतच राहिले. पर्समधून जुना अल्बम काढत म्हणाली, पाच मिनिटंच हां मॅडम, आईचे फोटो आणलेत, ब्लॅक अँड व्हाइट आहेत, नीट दिसायला हवेत तुम्हाला.