तुटीचा हिशेब उघड्यावर ठेव

चि. विद्यार्थिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

एका नाट्यसंस्थेचे व्यवस्थापकीय संचालकपद तू स्वीकारणार असल्याचे वाचून फार आनंद झाला. होकार कळवण्यापूर्वी संस्थेला काय विचारावे, असा तुझा प्रश्न आहे. ध्येयधोरणांविषयी आणि प्रेक्षकवर्गाविषयी तुला पुष्कळ जण सांगतील. मी पैशांविषयी लिहितो, कारण ना नफा कलासंस्थेच्या नेतृत्वाचा कस तिथेच लागतो आणि नेमके तिथेच बहुतेकांना मोकळेपणाने बोलणे जड जाते.

तूट दिसली म्हणजे गैरकारभार झालाच, असे आधी धरून चालू नकोस. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थतज्ज्ञांनी १९६६ मध्येच प्रयोगकलांच्या या दुखण्याचे मूळ दाखवून दिले होते. इतर उद्योगांत यंत्रांमुळे माणशी उत्पादन वाढत जाते आणि त्यासोबत वेतनही वाढते. चार वादकांसाठी लिहिलेल्या रचनेला मात्र दोनशे वर्षांपूर्वी जितके वादक आणि जितका वेळ लागत असे, तितकाच आजही लागतो. तरीही वादकांचे मानधन वाढवावेच लागते, नाहीतर ते दुसरा व्यवसाय धरतील, आणि तिकिटांचे दर त्याच वेगाने वाढवले तर रसिक दुरावतात. खर्च आणि उत्पन्न यांतली दरी रुंदावत जाणे हे या कामाच्या स्वभावातच आहे. विश्वस्तांना हे दरवर्षी नव्याने समजावून सांगावे लागते, आणि ते काम तुझेच राहील.

ही दरी देणग्या आणि अनुदाने भरून काढतात, पण खरी गुंतागुंत तिथूनच सुरू होते. नवे नाटक, नवा महोत्सव, मुलांसाठीचे नवे शिबिर यांना पैसे द्यायला देणगीदार उत्सुक असतो. हिशेबनिसाचा पगार, तालमीच्या जागेचे भाडे किंवा गळके छप्पर यांसाठी हात सहसा सुटत नाही. अनुदानाच्या अर्जात ‘आस्थापना खर्च’ या रकान्यापुढे अनेकदा मर्यादा घातलेली असते आणि तिच्यात बसण्यासाठी संस्था आपला खरा खर्च कमी दाखवतात. मग अनुदान मंजूर झाल्यावर संस्था आणखीच अडचणीत येते, कारण काम वाढते आणि ते सांभाळणारी माणसे तेवढीच राहतात. ती काही काळ रात्री जागून सगळे निभावतात आणि मग एक दिवस राजीनामा देतात. उरलेल्यांचे पगार भागावेत म्हणून आणखी एक प्रकल्प शोधला जातो. कलासंस्था आपल्या मूळ कामापासून बहुधा अशाच वाटेने दूर जातात, कोणीही तसे ठरवलेले नसताना.

म्हणून बँकेतली शिल्लक किती, एवढेच विचारून थांबू नकोस. समज, खात्यात शंभर आहेत. त्यातले साठ पुढच्या महोत्सवासाठी नेमून दिलेले आहेत, पंधरा अजून व्हायच्या प्रयोगांच्या आगाऊ तिकीटविक्रीचे आहेत आणि दहा शिष्यवृत्तीचे आहेत. उरले पंधरा, आणि या महिन्याचे पगारच वीस आहेत. शिल्लक कितीही भरघोस दिसली, तरी ही संस्था आज, या घडीला अडचणीत आहे. असा एक पानी तक्ता दर महिन्याला विश्वस्त मंडळापुढे येतो का, हा तुझा पहिला प्रश्न असू दे. येत नसेल, तर तू तो आणणार आहेस हे पद स्वीकारण्यापूर्वीच सांगून टाक.

नेमून दिलेल्या पैशांना हात लावण्याची सवय जडली, की कायम निधीही, म्हणजे मूळ रक्कम राखून फक्त तिच्यावरचे उत्पन्न वापरायचे असा निधीही, सुरक्षित राहत नाही. १९४३ मध्ये स्थापन झालेल्या न्यूयॉर्क सिटी ऑपेराने चालू खर्च आणि देणी भागवण्यासाठी आपल्या कायम निधीतून मोठ्या रकमा काढल्या. निधी घटला तसे त्यावरचे उत्पन्नही आटले आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये संस्थेला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. मला सर्वांत अस्वस्थ करते ते हे, की असे निर्णय घेणारी मंडळी सहसा कलेवर मनापासून प्रेम करणारीच असतात.

सॅन डिएगो ऑपेराची गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. तिच्या मंडळाने मार्च २०१४ मध्ये संस्था बंद करण्याचा ठराव केला. त्याला कर्मचाऱ्यांनी आणि रसिकांनी कडाडून विरोध केला, देणग्या जमा झाल्या, मंडळातल्या अनेकांनी पदे सोडली आणि मे महिन्यात तो ठराव मागे घेतला गेला. खरी परिस्थिती कळली तेव्हा लोक धावून आले. मग ती आधीच त्यांच्यापुढे का मांडू नये?

कलादिग्दर्शकाशी तुझे संबंध कसे राहतील, हेही आत्ताच पाहून घे. नाटकांची निवड त्यांची आणि अंदाजपत्रकाची मर्यादा तुझी, एवढे लेखी असावे, आणि दोघांत मतभेद झाल्यास अंतिम शब्द कोणाचा, हे मंडळाने आधीच ठरवलेले असावे. संस्थापक अजून कार्यरत असतील, तर त्यांच्यानंतरची व्यवस्था काय, हे आदराने पण नक्की विचार.

मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद आणि विश्वस्त मंडळाच्या सभांची इतिवृत्ते मागवून घे. हिशेबाच्या विषयावर किती जण बोलले आणि कोणते प्रश्न विचारले गेले, हे इतिवृत्तांत बारकाईने पाहा. कागद हाती आले की मलाही पाठव. आपण दोघे मिळून वाचू आणि मगच तू उत्तर कळव.

तुझा शुभचिंतक